झिप डिस्कमधील जुन्या फायली कशा सोडवून घ्याव्यात: आधी ड्राइव्ह तपासा, मग डिस्क घाला

फ्लॉपीपेक्षा किंचित मोठी, तिच्या जवळजवळ दुप्पट जाड, एका कडेला धातूची सरकती झडप असलेली डिस्क तुमच्या हाती लागली असेल, तर ती बहुधा झिप डिस्क आहे. आयोमेगा कंपनीने १९९५ च्या सुमारास हे ड्राइव्ह बाजारात आणले, तेव्हा १.४४ एमबीच्या सुमारे सत्तर फ्लॉपींचा ऐवज एकाच डिस्कमध्ये मावू लागला. पुढे २५० एमबीची आणि २००२ साली ७५० एमबीची डिस्क आली, आणि त्यानंतर सीडी व पेन ड्राइव्ह यांच्यापुढे हा सारा प्रकार मागे पडला. याचा अर्थ असा की आज जो झिप ड्राइव्ह तुम्हाला मिळेल तो दोन दशकांहून जुना असेल, आणि त्याने ती वर्षे कुठे, कशी काढली हे तुम्हाला ठाऊक नसेल.

माझ्याकडे वडिलांच्या टंकलेखनाच्या कामाच्या बारा डिस्क होत्या. त्यांपैकी दोन मी स्वतःच्या उतावळेपणामुळे गमावल्या आणि उरलेल्या दहांतील जवळजवळ सर्व मजकूर परत मिळवला. त्या दोन डिस्क वयोमानाने गेल्या नव्हत्या, त्या मी चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे गेल्या. म्हणून या लेखात क्रमावर अधिक भर आहे. घाई असेल तर निदान तिसरा आणि पाचवा टप्पा वाचल्याशिवाय एकही महत्त्वाची डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका.

लागणारे साहित्य

- चालू स्थितीतील झिप ड्राइव्ह, शक्यतो यूएसबी जोडणीचा, जमल्यास दोन.
- ज्यातील मजकूर गेला तरी चालेल अशी किमान एक डिस्क. ड्राइव्ह जुन्या बाजारातून घेत असाल तर त्याच्यासोबतच मागून घ्या.
- पुरेशी मोकळी जागा असलेला संगणक आणि लिनक्स सुरू करता येईल असा पेन ड्राइव्ह.
- डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही तीन मोफत साधने. ‘सिस्टमरेस्क्यू’ या पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये ती आधीपासूनच असतात.
- प्रखर उजेडाची विजेरी, भिंग आणि सरळ केलेली एक कागदाची क्लिप.
- वही आणि पेन. हे मी गमतीने लिहीत नाही.

१. डिस्कची नोंद करा आणि लेबलांची छायाचित्रे घ्या

प्रत्येक डिस्कला क्रमांक द्या, तिच्या दोन्ही बाजूंचे व डबीवरील मजकुराचे छायाचित्र काढा आणि वहीत एकेक ओळ लिहा. लेबलावर पेन्सिलीने लिहिलेले एखादे नाव पुढे पासवर्ड ओळखायला उपयोगी पडू शकते. क्रमांकाची चिठ्ठी डिस्कवर चिकटवू नका, डबीवर चिकटवा. डिस्कच्या एका कोपऱ्यात प्रकाश परावर्तित करणारा छोटा ठिपका असतो आणि ड्राइव्ह त्यावरूनच डिस्क ओळखतो. तो झाकला गेला किंवा मळला तर चांगली डिस्कही आत घेतल्यावर फिरत नाही.

डिस्क थंड किंवा दमट जागेतून आणल्या असतील तर निदान एक दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्या. झडप उघडल्यावर आतील चकतीवर पांढुरकी बुरशी दिसली, तर ती डिस्क वेगळी ठेवा. बुरशी ड्राइव्हच्या हेडवर, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागावर चढते आणि तेथून पुढच्या डिस्कवर जाते.

२. कोणता ड्राइव्ह घ्यावा

यूएसबीचा घ्यावा, एवढेच उत्तर बहुतेकांना पुरेल. १०० एमबीच्या डिस्क असतील तर १०० किंवा २५० एमबीचा ड्राइव्ह चालतो. ७५० एमबीचा ड्राइव्ह १०० एमबीच्या डिस्क वाचू शकतो पण त्यांवर लिहू शकत नाही, आणि आपल्याला लिहायचे नसल्यामुळे ही उणीव येथे सोयीचीच ठरते. उलट दिशेने मात्र काही जमत नाही: २५० एमबीची डिस्क १०० च्या ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही.

प्रिंटरच्या पोर्टला, म्हणजे पॅरलल पोर्टला जोडायचा ड्राइव्ह स्वस्तात मिळतो, पण त्याला खरोखरचा पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणक लागतो. यूएसबीचे रूपांतर प्रिंटर पोर्टमध्ये करणारी केबल त्याला चालत नाही, कारण ती केवळ प्रिंटरपुरतीच बनवलेली असते. जुना संगणक असेलच, तर लिनक्समध्ये या ड्राइव्हसाठी दोन ड्रायव्हर आहेत: सुरुवातीच्या मॉडेलसाठी ‘पीपीए’ आणि नंतरच्यांसाठी ‘आयएमएम’. एक चालला नाही तर दुसरा लावून पाहा.

येथे एक सापळा आहे. झिपच्या स्कझी (जुन्या मॅक व इतर संगणकांवर असलेल्या एका जोडणीच्या) मॉडेललाही २५ पिनांचाच जोड असतो आणि तो दिसायला थेट प्रिंटर पोर्टसारखा असतो. केबल दोन्हीकडे बिनबोभाट बसते, पण विद्युतदृष्ट्या हे दोन प्रकार पूर्णपणे वेगळे आहेत आणि चुकीची जोडणी सर्किट जाळू शकते. ड्राइव्हच्या मागे ५ आणि ६ असे आकडे असलेला छोटा स्विच दिसला, तर तो स्कझीचा आहे असे समजा. वीजपुरवठ्याच्या अडॅप्टरबाबतही तेवढीच खबरदारी घ्यावी: ड्राइव्हच्या तळाशी किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचा आणि नुसती पिन बसते म्हणून हाताशी असलेला दुसरा अडॅप्टर लावू नका.

३. ड्राइव्हची परीक्षा

झिपच्या इतिहासात ‘क्लिक ऑफ डेथ’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला एक बिघाड आहे, आणि १९९८ मध्ये त्यावरून अमेरिकेत कंपनीविरुद्ध ग्राहकांचा सामूहिक दावाही दाखल झाला होता. या बिघाडाची तऱ्हा समजून घेतली की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात.

झिपची चकती लवचिक असते आणि ती मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते. वाचणारी दोन सूक्ष्म हेड बाहेरच्या कडेवरून, चकतीच्या वरून आणि खालून आत सरकतात. वाचन जमले नाही की ड्राइव्ह ही हेड पूर्ण बाहेर ओढून घेतो आणि पुन्हा आत सोडतो. आपल्याला ऐकू येणारी ‘टक्’ ती हीच. एखादे हेड वाकलेले किंवा जागेवरून सरकलेले असेल तर आत शिरताना ते चकतीच्या कडेवर आदळते आणि कड फाडते. अशी फाटकी कड असलेली डिस्क तुम्ही चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली, तर ती त्याच्या हेडला इजा करू शकते, आणि तो बिघडलेला ड्राइव्ह पुढच्या डिस्कची कड फाडतो. यंत्रांचा हा बिघाड साथीच्या रोगासारखा पसरतो.

माझ्या दोन डिस्क अशाच गेल्या. पहिली घातल्यावर टक्, टक्, टक् असा एकसारखा आवाज सुरू झाला. दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे ठरवण्यासाठी मी, वरवर पाहता अगदी तर्कशुद्धपणे, दुसरी डिस्क घातली. तोच आवाज आला. नंतर झडप सरकवून भिंगातून पाहिले तेव्हा दोन्ही चकत्यांच्या कडेला, कात्रीचे टोक लागावे तशी, बारीक खाच पडलेली होती.

म्हणून परीक्षा पुढील क्रमाने घ्यावी.

प्रथम ड्राइव्ह रिकामा असतानाच वीज जोडा आणि ऐका. नंतर तुमची टाकाऊ डिस्क घ्या, धातूची झडप बोटाने सरकवून धरा, खालच्या बाजूची धातूची चकती दुसऱ्या हाताच्या बोटाने हळूहळू फिरवा आणि विजेरीचा उजेड तिरपा पाडून संपूर्ण कड पाहा. काळसर चकतीच्या पृष्ठभागाला स्पर्श करू नका. कड एकसारखी गोल दिसली की ती डिस्क ड्राइव्हमध्ये घाला. सुरुवातीला एखादी टक् आणि मग फिरण्याचा सलग आवाज येणे हे स्वाभाविक आहे. तीच टक् तालात पुन्हा पुन्हा येऊ लागली तर डिस्क लगेच बाहेर काढा. बटण दाबूनही ती बाहेर येत नसेल तर वीज बंद करा, फिरणे थांबू द्या आणि बाह्य ड्राइव्हच्या मागील बाजूच्या छोट्या छिद्रात क्लिप सरळ आत दाबा.

ड्राइव्ह शांत असेल तर या टाकाऊ डिस्कवर ती भरेपर्यंत काही फायली लिहा, त्या परत वाचा, डिस्क बाहेर काढा आणि कड पुन्हा एकदा भिंगाखाली पाहा. ही दुसरी पाहणी अनेक जण टाळतात, पण ड्राइव्ह कड कुरतडतो आहे की नाही हे कळण्याचा खात्रीचा मार्ग हाच आहे.

फ्लॉपी ड्राइव्हसाठी मिळणारी साफसफाईची डिस्क झिपमध्ये कधीही घालू नका. फ्लॉपीच्या मानाने ही हेड फारच नाजूक असतात.

४. महत्त्वाच्या डिस्कची पाहणी

आता हीच कडेची पाहणी तुमच्या प्रत्येक डिस्कची करा. जिच्या कडेला खाच, घडी किंवा तरळणारा तंतू दिसेल ती बाजूला ठेवा आणि कितीही मोह झाला तरी चांगल्या ड्राइव्हमध्ये घालू नका. तिच्यात काही अनमोल असेल तर माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडे ती जशी आहे तशी पाठवणे हाच शहाणपणा आहे. तेथे विचारताना ‘हार्ड डिस्क’ असे न सांगता डिस्कचा नेमका प्रकार सांगा, कारण प्रत्येक ठिकाणी झिपची साधने असतातच असे नाही.

फ्लॉपीला लिहिणे रोखणारी खिडकी असते, तशी कोणतीही सोय झिप डिस्कवर नाही. तिचे संरक्षण सॉफ्टवेअरमधूनच लावले जाई, आणि काही जण त्याच सॉफ्टवेअरने पासवर्डही लावत. अशी कुलूपबंद डिस्क पासवर्डशिवाय ड्राइव्ह वाचूच देत नाही. अशा वेळी पहिल्या टप्प्यातील छायाचित्रे उघडून बसावे.

५. फायली कॉपी करू नका, डिस्कची इमेज घ्या

डिस्क घातली, खिडकी उघडली, फोल्डर ओढून हार्ड डिस्कवर टाकले, ही सर्वांची सहज प्रवृत्ती असते. खराब होत चाललेल्या डिस्कच्या बाबतीत ती तीन कारणांनी घातक ठरते. एक म्हणजे फाइलीमागून फाइल कॉपी करताना हेड पुन्हा पुन्हा इकडून तिकडे धावते आणि एका खराब सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कच्या वाचता न येणाऱ्या छोट्या तुकड्यापाशी, संगणक दहा-दहा वेळा प्रयत्न करीत बसतो. दुसरे म्हणजे चालू ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर आपल्या लपलेल्या फायली लिहितात: विंडोज आपले ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर बनवते, मॅक कचरापेटीचे व फोल्डरच्या मांडणीचे. तिसरे म्हणजे जुन्या मॅकच्या फायलींना दोन भाग असत, आणि साध्या कॉपीत त्यांतील ‘रिसोर्स फोर्क’ हा भाग गळून पडतो; त्या काळातील कित्येक फाँटचा तर सगळा ऐवज त्याच भागात असे, त्यामुळे कॉपी झालेली फाइल शून्य बाइटची दिसते.

इमेज म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची हुबेहूब नक्कल, जी एकाच मोठ्या फाइलीत साठवली जाते. एकदा ती हाती आली की मूळ डिस्कला पुन्हा हात लावावा लागत नाही.

संगणक पेन ड्राइव्हवरील लिनक्सवर सुरू करा आणि डिस्क आपोआप जोडली जाण्याची सोय, म्हणजे ऑटोमाउंट, बंद असल्याची खात्री करा. ड्राइव्ह कोणत्या नावाने दिसतो आहे ते ‘एलएसबीएलके’ या कमांडने कळते. १०० एमबीची झिप तेथे ९६ एमबी अशी दिसते. ही तूट नव्हे, फक्त मोजण्याची रीत वेगळी आहे, आणि संगणकाच्या स्वतःच्या हार्ड डिस्कमधून झिप ओळखायला हा आकडा फार उपयोगी पडतो. त्यानंतर डीडीरेस्क्यू चालवा. कमांडमधील क्रम असा असतो: साधनाचे नाव, पर्याय, ड्राइव्हचे नाव, इमेज फाइलीचे नाव आणि शेवटी मॅप फाइलीचे नाव. ड्राइव्हचे नाव देताना संपूर्ण ड्राइव्हचे द्या, त्यातील एखाद्या विभागाचे, म्हणजे पार्टिशनचे नव्हे.

पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय द्या. त्यामुळे साधन सहज वाचता येणारा भाग आधी गोळा करते आणि अडचणीच्या जागा कोरत बसत नाही. सुस्थितीतील डिस्क यूएसबीवर काही मिनिटांत पूर्ण होते. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून ‘आर ३’ द्या, म्हणजे उरलेल्या सेक्टरांवर तीन वेळा प्रयत्न होतो. तरीही काही उरले तर मोठ्या लिपीतील (कॅपिटल) ‘आर’ देऊन उलट दिशेने वाचून पाहा. ‘फोर्स’ हा पर्याय कोणत्याही परिस्थितीत देऊ नका: घाईत ड्राइव्ह आणि इमेज यांची नावे उलटसुलट झाली तर डिस्कवर लिहिण्यापासून साधन तुम्हाला अडवते, आणि हा पर्याय नेमका तोच अडसर दूर करतो.

मॅप फाइल जपून ठेवा. कोणते सेक्टर वाचले गेले आणि कोणते नाही याची ती नोंदवही आहे. वीज गेली, ड्राइव्ह अडकला किंवा तुम्ही झोपायला गेलात तरी तीच फाइल देऊन काम तेथूनच पुढे सुरू होते. तिचा याहून मोठा फायदा मला चौथ्या डिस्कच्या वेळी कळला. त्या डिस्कवरील साडेतीनशेच्या आसपास सेक्टर माझ्या पहिल्या ड्राइव्हला काही केल्या वाचता येईनात. तीच इमेज आणि तीच मॅप फाइल देऊन मी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तेव्हा चार वगळता सगळे सेक्टर वाचले गेले. दोन ड्राइव्हच्या हेडची ठेवण कधीच तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याला जमू शकते. साहित्याच्या यादीत ‘जमल्यास दोन’ असे लिहिले ते याचसाठी.

वाचन चालू असताना खोलीत थांबा आणि कान उघडे ठेवा. तालबद्ध टक्-टक् सुरू झाली तर काम थांबवा, डिस्क काढा, कड पाहा. विंडोजवर काम करत असाल आणि ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी चौकट आली, तर तिला नकार द्या. तिचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसून तिची रचना विंडोजला कळली नाही एवढाच असतो.

६. इमेजमधून फायली काढणे

सर्वप्रथम इमेजची एक प्रत करा आणि यापुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करा.

डिस्क पीसीवर वापरलेली असेल तर सेव्हन-झिप हे मोफत साधन इमेज थेट उघडून आतल्या फायली दाखवते. लिनक्सवर इमेज फक्त वाचण्यापुरती जोडता येते, मात्र तेथे नवख्या माणसाला गोंधळात टाकणारी एक खोड आहे: पीसीसाठी कारखान्यातच फॉरमॅट केलेल्या झिप डिस्कचा विभाग पहिल्या क्रमांकावर नसून चौथ्या क्रमांकावर असतो. पहिला विभाग सापडत नाही म्हणून डिस्क कोरी आहे असे समजू नका.

मॅकवर वापरलेली डिस्क बहुधा एचएफएस या जुन्या रचनेची असते. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकओएसने ही रचना वाचणेच सोडून दिले आहे, त्यामुळे नवा मॅक अशी डिस्क नाकारतो. लिनक्स ती वाचू शकते, आणि रिसोर्स फोर्कसकट सर्व हवे असेल तर बॅसिलिस्क हा जुन्या मॅकचा इम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर जुना मॅक चालवणारे सॉफ्टवेअर, वापरून इमेज त्यात जोडणे उत्तम.

फायलींची यादीच नष्ट झाली असेल तर आधी टेस्टडिस्कने विभाग शोधून पाहा. तेही फसले तर फोटोरेक वापरा. ते नावांकडे न पाहता प्रत्येक प्रकारच्या फाइलीची ठरावीक सुरुवात ओळखून मजकूर उपसते, त्यामुळे फायली मिळतात पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. माझ्या सातव्या डिस्कमधून अशा सहाशेहून अधिक निनावी फायली निघाल्या, आणि त्यांची वर्गवारी करायला डिस्क वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

७. फाइल मिळाली, पण उघडत नाही

वर्डपरफेक्ट, जुने वर्ड आणि पेजमेकर यांच्या बऱ्याच फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. मांडणी विस्कटली तरी मजकूर हाती येतो. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला मजकूर आज उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. ती फाइल खराब झालेली नसते, तिला तिचा फाँट हवा असतो. म्हणून डिस्कमधील फाँटच्या फायली ‘काय करायच्या आहेत’ म्हणून टाकून देऊ नका, आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून युनिकोडमध्ये रूपांतर केलेली प्रत वेगळी साठवा.

८. झिप नसून दुसरेच काही असेल तर

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह चालतो, पण तो जुन्या मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉपी वाचू शकत नाही. त्यांसाठी ग्रीझविझलसारखा चुंबकीय संकेत कच्च्या स्वरूपात टिपणारा छोटा बोर्ड आणि संगणकाच्या आत बसवायचा साधा फ्लॉपी ड्राइव्ह लागतो. घालण्यापूर्वी कोपऱ्यातील खिडकी उघडी करा, म्हणजे लिहिणे बंद होते. मॅग्नेटो-ऑप्टिकल डिस्क बऱ्यापैकी टिकाऊ असतात. ६४० एमबीच्या डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी २०४८ बाइटचा असतो, तेवढे डीडीरेस्क्यूला सांगावे लागते. जॅझ आणि सायक्वेस्ट या त्याच काळातील काढघाल करता येणाऱ्या डिस्कच्या आत मात्र हार्ड डिस्कसारखी कडक चकती असते आणि धुळीचा एखादा कणही तिला पुरतो. त्यांच्याबाबत घरी एकच प्रयत्न करावा आणि वेगळा आवाज येताच थांबावे.

९. साठवण

प्रत्येक डिस्कच्या फोल्डरमध्ये इमेज, मॅप फाइल, लेबलाची छायाचित्रे आणि वाचून काढलेल्या फायली एकत्र ठेवा. इमेजचा एसएचए-२५६ हा पडताळा काढून त्याच फोल्डरमध्ये एका मजकूर फाइलीत लिहा, म्हणजे काही वर्षांनी प्रत बदलली आहे का हे तपासता येईल. सर्व फोल्डरांच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. ज्या डिस्कचे काही सेक्टर वाचायचे राहिले आहेत त्या डबीत परत ठेवताना वहीतील नोंदीपुढे उरलेल्या सेक्टरांची संख्या लिहा. तिसरा ड्राइव्ह हाती आला तर त्याच मॅप फाइलीवरून पुढचा प्रयत्न करता येतो.